आकाशगंगेच्या गाभ्यातला कारभार

एखाद्या विशाल वस्तूच्या मध्यावर काय आहे हे एकदा कळले, की तिचा सारा कारभार त्या मध्यावरूनच चालत असला पाहिजे, असे मनुष्याचे मन फारशी चौकशी न करता ठरवून टाकते. आणि आपल्या आकाशगंगेच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. तिच्या केंद्रस्थानी सूर्याच्या सुमारे ४३ लाख पट वस्तुमानाचे एक कृष्णविवर आहे, हे गेल्या अर्धशतकाच्या परिश्रमांनी सिद्ध झाले. त्याबद्दल राइनहार्ड गेंझेल आणि आंद्रेया गेझ यांना २०२० साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. २०२२ च्या मे महिन्यात त्याच्या भोवतीच्या तेजोवलयाचे चित्रही जगापुढे आले. आणि तेव्हापासून आकाशगंगेचा गाभा म्हणजे ते कृष्णविवर, आणि गाभ्यातील प्रत्येक हालचाल म्हणजे त्या कृष्णविवराची करणी, हे समीकरण सामान्य वाचकाच्या मनात कायम होऊन बसले. ते मला मान्य नाही. गाभ्याच्या परिसरात जे काही घडते त्याचा बहुतेक भार तेथील वायूवर आहे. तो वायू ज्या मार्गांनी जातो ते मार्ग हजारो प्रकाशवर्षे लांब पसरलेल्या ताऱ्यांच्या एका दंडाकार समुदायाने आखून दिलेले आहेत. आणि कृष्णविवराचा अंमल फार थोड्या मुलुखावर चालतो. हे ध्यानात यायला शास्त्रज्ञांनाही तीन दशकांहून अधिक काळ लागला. त्या विलंबाचे कारण दुर्बिणींच्या उणिवेइतकेच विचाराच्या एका सवयीतही होते: असाधारण गती दिसली, की तिच्यामागे असाधारण घटना शोधायची, आणि ती गती नित्य चालू असलेल्या एखाद्या व्यवस्थेचा भाग असेल, ही शक्यता शेवटी तपासायची.

हा प्रदेश धनू राशीत, मूळ आणि पूर्वाषाढा या नक्षत्रांच्या दरम्यान आहे, आणि आपल्यापासून त्याचे अंतर सुमारे २६,७०० प्रकाशवर्षे आहे. महाराष्ट्रातून तो क्षितिजाच्या वर चाळीस अंशांहून अधिक चढतो, परंतु आषाढ-श्रावणात रात्री तो सर्वांत सोईच्या जागी येतो तेव्हाच आपल्या आकाशात पावसाचे ढग असतात. ढग नसते तरी डोळ्यांना तेथले काही दिसले नसते. आपण आणि केंद्र यांच्यामध्ये आकाशगंगेच्या तबकडीतील धूळ इतकी दाट पसरली आहे, की तिकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या सुमारे एक लक्ष कोटी कणांपैकी एखादाच आपल्यापर्यंत येऊन पोचतो. हार्लो शॅप्ली याने १९१८ च्या सुमारास गोलाकार तारकागुच्छांच्या मांडणीवरून केंद्राची दिशा बरोबर ठरविली होती. पण त्या दिशेला प्रत्यक्ष काय आहे हे सांगण्याची सोय त्याच्या काळात नव्हती. ती सोय रेडिओलहरींनी केली. १९३३ मध्ये कार्ल जान्स्की या अभियंत्याने दूरध्वनीच्या कामातील खरखरीचा शोध घेता घेता आकाशगंगेकडून येणाऱ्या रेडिओलहरी जाहीर केल्या, आणि १९४४ मध्ये हेंड्रिक व्हान डी हुल्स्ट या तरुण डच शास्त्रज्ञाने असे भाकीत केले, की उदासीन हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची लहर सोडत असला पाहिजे. १९५१ साली ती लहर प्रत्यक्ष सापडली, आणि धुळीच्या पडद्याआडचा वायू प्रथमच आपली हकीकत सांगू लागला.

ती हकीकत कोणत्या स्वरूपाची आहे, हे पुढील सर्व वादाच्या मुळाशी असल्याने येथे थोडे थांबले पाहिजे. वायू आपल्याकडे येत असेल तर लहरीची लांबी किंचित घटते, दूर जात असेल तर किंचित वाढते, आणि त्या फरकावरून त्याचा वेग सेकंदाला किती किलोमीटर हे सुरेख अचूकतेने काढता येते. मात्र हा वेग केवळ दृष्टिरेषेवरचा असतो. आडव्या दिशेने वायू कितीही वेगाने जात असला तरी लहरीवर त्याचा ठसा उमटत नाही. आणि तो वायू त्या दृष्टिरेषेवर नेमका कोठे आहे, केंद्राच्या अलीकडे की पलीकडे, हेही लहर स्वतःहून सांगत नाही. म्हणजे स्थानाचे तीन आणि वेगाचे तीन अशा सहा गोष्टींपैकी आकाशातील दोन कोन आणि एक वेग एवढ्या तीनच गोष्टी दप्तरात दाखल होतात, आणि उरलेल्या तीन अनुमानाने भराव्या लागतात. अनुमानाला आधार हवा, म्हणून सर्वांत सोपा आधार घेतला गेला: वायू केंद्राभोवती वर्तुळाकार मार्गाने फिरतो आहे असे गृहीत धरले गेले. सूर्याच्या आसपासच्या प्रदेशात हे गृहीत चांगले चालले, आणि त्याच्या जोरावर आकाशगंगेच्या सर्पिल बाहूंचे पहिले नकाशे तयार झाले.

केंद्राकडे रोख वळविताच मात्र ते कोलमडले. वर्तुळाकार भ्रमण खरे असेल तर नेमक्या केंद्राच्या दिशेला पाहताना दिसणारा सारा वायू आपल्या दृष्टिरेषेला आडवा जात असला पाहिजे, आणि त्याचा मोजलेला वेग शून्य आला पाहिजे. १९५७ मध्ये लायडनच्या यान ऊर्ट, ह्यूगो व्हान व्यूर्डेन आणि रूखूर यांनी जाहीर केलेल्या निरीक्षणांत केंद्राच्या दिशेला वायूचा एक लांबलचक बाहू सेकंदाला ५३ किलोमीटर वेगाने आपल्याकडे येताना दिसला. केंद्रापासून त्याचे अंतर तीन किलोपार्सेक, म्हणजे सुमारे दहा हजार प्रकाशवर्षे ठरल्यामुळे त्याला 'तीन किलोपार्सेकचा बाहू' हेच नाव पडले. तो केंद्राच्या अलीकडे आहे याबद्दल शंकेला जागा नव्हती, कारण केंद्रातून येणाऱ्या प्रखर रेडिओलहरींत त्याने केलेल्या शोषणाची खूण नेमकी त्याच वेगावर उमटली होती, आणि शोषण करणारा पदार्थ दिव्याच्या पुढेच असावा लागतो. जे केंद्राच्या अलीकडे आहे आणि आपल्याकडे येत आहे, ते केंद्रापासून दूर चालले आहे. इतके सरळ हे अनुमान होते. पुढे केंद्राच्या पलीकडेही वायूचा एक भाग सेकंदाला १३५ किलोमीटर वेगाने आपल्यापासून दूर जाताना आढळला, आणि १९७० नंतरच्या दशकात, केंद्रापासून काहीशे प्रकाशवर्षांच्या टापूत, रेणूंच्या वायूचे एक कडे सर्व बाजूंनी विस्तारत असल्यासारखे दिसले. केंद्रातून वायू बाहेर फेकला जात आहे, असा निष्कर्ष या सर्वांतून निघाला.

तो काळही या निष्कर्षाला अनुकूल होता. आर्मेनियाचे व्हिक्टर अम्बार्त्सुम्यान दीर्घिकांच्या गाभ्यांत प्रचंड उत्सर्ग होत असतात असे प्रतिपादन करीत होते. १९६३ साली एम ८२ या दीर्घिकेतून बाहेर उसळणाऱ्या तंतूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्याच साली क्वेसारांची अंतरे प्रथम उमगून विश्वात किती अफाट ऊर्जेचे उगम आहेत याची जाणीव झाली. आपल्याही आकाशगंगेच्या गाभ्यात काही कोटी वर्षांपूर्वी महास्फोट झाला असावा, हे म्हणणे अशा वातावरणात स्वाभाविक वाटले, आणि १९७१ मध्ये पीटर व्हान डर क्रूट यांनी या कल्पनेची सविस्तर मांडणी केली. ऊर्ट हे विसाव्या शतकातील अव्वल दर्जाचे खगोलशास्त्रज्ञ होते, आणि या मार्गातील अडचणी त्यांना ठाऊक होत्या. एवढ्या वस्तुमानाच्या बाहूला असा वेग देण्यासाठी लागणारी ऊर्जा कोठून आली, आणि वायू सतत बाहेर जात असेल तर आतला साठा केव्हाच संपायला हवा होता, तो भरून कोण काढते, हे प्रश्न त्यांनी स्वतःच उपस्थित केले होते. ते सुटले नाहीत, तरीही स्फोटाची कल्पना वीस-पंचवीस वर्षे टिकून राहिली, आणि हे मला फार बोलके वाटते. हिशेब न जुळणारी घटना आपण सहन करतो. पण जिला काही आरंभ नाही अशी व्यवस्था कल्पिणे आपल्याला जड जाते.

वास्तविक दुसरी वाट त्याच वेळी दाखविली गेली होती. १९६४ मध्ये जेरार द व्हॉकूलर याने असे सुचविले, की आपली आकाशगंगा दंडयुक्त सर्पिल दीर्घिका असावी, म्हणजे तिच्या मध्यभागी ताऱ्यांचा गोल उंचवटा नसून लांबट दंड असावा. आकाशातील असंख्य सर्पिल दीर्घिकांत असे दंड प्रत्यक्ष दिसतात. आपणच त्याला अपवाद का असावे? दंड असेल तर केंद्राभोवतीचे आकर्षण सर्व दिशांना सारखे राहत नाही, आणि वायूच्या कक्षा वर्तुळाकार राहू शकत नाहीत. त्या दंडाच्या दिशेने लांबट होतात. लांबट कक्षेवरून जाणारा पदार्थ प्रत्येक फेरीत अर्धा वेळ केंद्राच्या जवळ येत असतो आणि अर्धा वेळ केंद्रापासून दूर जात असतो. तेव्हा आपण पाहतो त्या ठिकाणी तो दूर जाताना दिसला, एवढ्यावरून त्याला कोणी बाहेर फेकले असे ठरत नाही. तो आपली नित्याची फेरी करीत असतो, आणि तीन किलोपार्सेकच्या बाहूला गती कोणी दिली हा प्रश्नच उरत नाही.

ही गोष्ट गणिताने पक्की करण्याचे श्रेय मुख्यतः जेम्स बिनी, ऑर्टविन गेऱ्हार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९१ च्या निबंधाकडे जाते, आणि त्यातील युक्तिवाद इतका सुंदर आहे की तो थोडा सविस्तर सांगण्याचा मोह मला आवरत नाही. तारे एकमेकांपासून इतके दूर असतात, की ताऱ्यांचे दोन प्रवाह एकमेकांना छेदून बिनधोक निघून जातात. वायूला ती मुभा नाही. वायूचे दोन प्रवाह एकमेकांवर आले की आघात होतो, गती उष्णतेत जाते, आणि दोन्ही प्रवाह आपली वाट सोडतात. म्हणून वायू फक्त अशाच कक्षांवर टिकू शकतो ज्या स्वतःला किंवा शेजारच्या कक्षेला छेदत नाहीत. दंडाच्या दिशेने लांबट असलेल्या कक्षा आत आत येऊ लागल्या की अधिकाधिक चिंचोळ्या होतात, त्यांची टोके अणकुचीदार बनतात, आणि एका मर्यादेनंतर टोकाशी वेढा पडून कक्षा स्वतःलाच छेदते. त्या मर्यादेवर वायूला राहता येत नाही. आघात होतो, त्याचा कोनीय संवेग घटतो, आणि तो आतल्या दुसऱ्या एका कक्षासमूहावर जाऊन स्थिरावतो. या आतल्या कक्षा दंडाला आडव्या असतात आणि पुष्कळशा गोल असतात. आकाशातील स्थान आणि वेग यांच्या आलेखावर रेणवीय वायूने जी समांतरभुज चौकोनासारखी आकृती काढलेली आढळली होती, आणि जी विस्तारणाऱ्या कड्याचा पुरावा मानली जात होती, ती या मर्यादेवरच्या कक्षेची आकृती निघाली. विस्तारणारे कडे नाहीसे झाले. त्याच्या जागी दंडाभोवती फिरणारा वायू आला.

यानंतर पुरावे दोन वेगळ्या बाजूंनी आले. अवरक्त प्रकाशात धुळीचा अडथळा पुष्कळ कमी होत असल्याने कोबे उपग्रहाच्या निरीक्षणांत मध्यभागाचे तारे दिसले, आणि केंद्राच्या एका बाजूचा उजेड दुसऱ्या बाजूपेक्षा अधिक उंच पसरलेला आढळला; दंडाचे एक टोक आपल्या जवळ आणि दुसरे दूर असेल तर असेच दिसले पाहिजे. वायूने जे सुचविले होते ते ताऱ्यांनी स्वतंत्रपणे कबूल केले. आज असे मानले जाते, की हा दंड केंद्रापासून दोन्ही बाजूंना साधारण १५ हजार प्रकाशवर्षे पसरला आहे, सूर्य आणि केंद्र यांना जोडणाऱ्या रेषेशी जवळजवळ तीस अंशांचा कोन करून आहे, आणि अखंडपणे फिरत सुमारे पंधरा कोटी वर्षांत एक फेरी पुरी करतो. दुसरा पुरावा २००८ सालचा. टॉमस डेम आणि पॅट्रिक थॅडियस यांनी कार्बन मोनॉक्साइडच्या लहरीवर, अवघ्या १.२ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने केलेल्या पाहणीत, केंद्राच्या पलीकडे तीन किलोपार्सेकच्या बाहूचा जुळा भाऊ शोधून काढला. केंद्राच्या दिशेला अलीकडचा बाहू सेकंदाला ५३ किलोमीटरने येतो, तर पलीकडचा सुमारे ५६ किलोमीटरने दूर जातो. येथे चिकित्सक वाचक म्हणेल, की विस्तारणाऱ्या कड्याची पलीकडची बाजूही दूरच गेली असती, मग यात नवे काय सिद्ध झाले? हा आक्षेप रास्त आहे, आणि केवळ हा बाहू सापडल्याने स्फोट खोटा ठरत नाही. पण पन्नास वर्षे अशी समजूत होती की अलीकडे ५३ आणि पलीकडे १३५, म्हणजे दोन बाजू एकमेकींशी जुळत नाहीत. आणि अशी बेशिस्त विषमता हे एखाद्या अपघाती घटनेचे लक्षण वाटत असे. ती विषमता आता नाहीशी झाली. दोन बाहू, त्यांच्यामध्ये ताऱ्यांच्या प्रकाशात वेगळा दिसलेला दंड, आणि त्या दंडाच्या आकर्षणाचे गणित, अशा तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून उभ्या राहिल्यावर स्फोटाला काम उरले नाही.

आता या व्यवस्थेत वायू आत कसा येतो ते पाहू. दंडाच्या फिरण्याच्या दिशेकडील कडेला, दोन्ही अंगांनी, धुळीने काळवंडलेले दोन लांब पट्टे आहेत. इतर दंडयुक्त दीर्घिकांच्या छायाचित्रांत ते साध्या डोळ्यांनी ओळखू येतात. या पट्ट्यांत वायूवर आघात होऊन त्याचा संवेग घटतो आणि तो वेगाने आत घसरतो. या मार्गाने वर्षाला साधारणपणे एका सूर्याइतका वायू आतल्या प्रदेशात येऊन जमा होतो, असा हिशेब अलीकडच्या काळात मांडला गेला आहे. काही वायू मात्र केंद्राला बगल देऊन पुढे निघून जातो आणि पलीकडच्या पट्ट्यावर आदळतो. जमा झालेल्या वायूचा जो प्रदेश तयार झाला आहे त्याला मध्यवर्ती रेणवीय पट्टा म्हणतात. काहीशे प्रकाशवर्षांच्या त्रिज्येत तेथे तीन ते पाच कोटी सूर्यांइतका वायू आहे, आणि तो आपल्या शेजारच्या मेघांपेक्षा कितीतरी दाट, पुष्कळ उष्ण आणि अत्यंत प्रक्षुब्ध आहे. त्याची मांडणीही एकांगी आहे. सुमारे तीन चतुर्थांश वायू केंद्राच्या एकाच बाजूला आढळतो. एवढ्याच त्रिज्येतील ताऱ्यांचे एकत्रित वस्तुमान शंभर कोटी सूर्यांच्या घरात जाते. त्याच्यापुढे ४३ लाखांची किंमत अर्ध्या टक्क्याच्या आसपास भरते, आणि म्हणूनच या प्रदेशातील वायूला कृष्णविवराची फारशी दखल घ्यावी लागत नाही.

या पट्ट्यात एक मेघ आहे, ज्याला त्याच्या काळ्या, चौकोनी आकृतीवरून 'वीट' असे नाव पडले आहे. अवरक्त चित्रात मागच्या ताऱ्यांचा लखलखाट झाकून टाकणारा तो एक काळा ठिपका दिसतो. त्याचे वस्तुमान सुमारे एक लाख सूर्यांइतके असून ते अवघ्या काही प्रकाशवर्षांत कोंबलेले आहे. सूर्याच्या शेजारी इतका दाट वायू असता तर त्यात ताऱ्यांचे समूहच्या समूह जन्मले असते; विटेत मात्र ताऱ्यांच्या जन्माच्या खुणा जवळजवळ नाहीत. साऱ्या पट्ट्याची स्थिती थोडीफार अशीच आहे. दाट वायूच्या प्रमाणावरून तेथे जितके तारे निर्माण व्हावेत त्याच्या एकदशांशच, म्हणजे वर्षाला सूर्याच्या एकदशांश इतक्या वस्तुमानाचे, होताना दिसतात. सॅजिटेरियस बी २ या एका मेघात मात्र निर्मिती जोरात चालू आहे, आणि तेथे सेंद्रिय रेणूंची जी विलक्षण श्रीमंती सापडली आहे तिला आकाशगंगेत जोड नाही. मग बाकीचे का थांबले आहेत? प्रवाहातील क्षोभ, तीव्र चुंबकीय क्षेत्र आणि कक्षेतील ताण हे वायूला आकसू देत नाहीत, असे एक उत्तर आहे. वायू दीर्घकाळ साचत राहतो आणि मग एकाएकी उद्रेकाने तारे जन्माला घालतो, आपण दोन उद्रेकांच्या मधल्या काळात पाहत आहो, असे दुसरे. मला दुसऱ्या उत्तराचे आकर्षण वाटते, कारण त्यात घटनेला जागा आहे, पण ती व्यवस्थेच्या पोटातून निघते. बाहेरून येऊन पडत नाही.

येथे एक कबुली द्यायला हवी: या पट्ट्याचा आकार अद्याप वादातीत ठरलेला नाही. २०११ मध्ये हर्शेल दुर्बिणीच्या चित्रांवरून तो पीळ पडलेल्या कड्यासारखा आहे असे प्रतिपादन झाले. त्यापूर्वी योशिआकी सोफुए यांनी त्यात दोन सर्पिल बाहू पाहिले होते. पुढे तो बंद कडे नसून उघडा, गुंतलेला प्रवाह आहे असेही मांडले गेले. तिन्ही पक्षांपाशी तीच निरीक्षणे आहेत. फरक पडतो तो कोणता मेघ केंद्राच्या अलीकडे आणि कोणता पलीकडे ठेवायचा यावर, म्हणजे वायूच्या हकीकतीत पहिल्यापासून जी बाजू कोरी आहे तिच्यावरच.

आणखी आत, केंद्रापासून सुमारे पाच प्रकाशवर्षांवर, वायूची एक तबकडी सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने फिरते. तिच्या आतल्या पोकळीत आयनीभूत वायूचे तीन बाहू छोट्या सर्पिलासारखे पसरले आहेत, आणि तेथे, फक्त तेथे, कृष्णविवराचा हुकूम चालतो. या बाहूंचा वेग प्रथम चार्ल्स टाउन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात निऑनच्या १२.८ मायक्रॉनच्या अवरक्त रेषेवर मोजला, आणि १९८० पर्यंत त्यावरून केंद्रात तीस लाखांच्या आसपास सूर्यांइतके वस्तुमान एकवटले आहे असा निष्कर्ष काढला. तो पुढे जवळपास खरा ठरला. तरी त्या वेळी तो मान्य झाला नाही, आणि मान्य न करणाऱ्यांचेच बरोबर होते. वायूला वारे ढकलतात, चुंबकीय क्षेत्र ओढते, आघात थोपवितात. त्याचा वेग केवळ गुरुत्वाने ठरला असे शपथेवर सांगता येत नाही. ताऱ्यावर या कशाचाच परिणाम होत नाही. म्हणून गेंझेल आणि गेझ यांनी एकेका ताऱ्याची कक्षा वर्षानुवर्षे मोजली, एस २ हा तारा सोळा वर्षांत एक फेरी पुरी करताना दाखविला, आणि मगच निकाल लागला. वस्तुमान तोलण्याच्या कामी वायूचा दाखला अपुरा असतो. पण केंद्रात काय येते आणि काय जाते हे मात्र वायूवाचून कोणीच सांगू शकत नाही.

तो जमाखर्च थक्क करणारा आहे. दंडाच्या वाटेने वर्षाला सुमारे एक सूर्य आत येतो. कृष्णविवराच्या कडेशी प्रत्यक्ष पोचणारा वायू वर्षाला सूर्याच्या दहा कोटी भागांपैकी जेमतेम एक भाग भरतो, आणि तोही बहुतांशी आसपासच्या तरुण, प्रचंड ताऱ्यांच्या वाऱ्यांतून येतो. मधला सारा वायू कोठे तारे बनतो, कोठे साचून राहतो, कोठे तापून परत बाहेर जातो. २०११ मध्ये जी २ नावाचा एक चिमुकला मेघ कृष्णविवराकडे जाताना सापडला, तेव्हा २०१४ साली मोठा भडका उडेल या अपेक्षेने जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. मेघ जवळून गेला आणि पुढे निघून गेला. अपेक्षित भडका झाला नाही.

याचा अर्थ गाभ्यात कधी काही घडलेच नाही असा कोणी घेऊ नये; तसे म्हणणे खरे होणार नाही. २०१० मध्ये फर्मी उपग्रहाच्या निरीक्षणांतून आकाशगंगेच्या वर आणि खाली प्रत्येकी सुमारे २५ हजार प्रकाशवर्षे पसरलेले गॅमा-किरणांचे दोन फुगे उघडकीस आले. दक्षिण आफ्रिकेतील मीरकॅट दुर्बिणीने २०१९ मध्ये केंद्राभोवती सुमारे चौदाशे प्रकाशवर्षे उंचीचे रेडिओफुगे दाखविले. सॅजिटेरियस बी २ मेघातील लोह जपानच्या आस्का उपग्रहाला १९९० नंतरच्या दशकात क्ष-किरणांत चमकताना दिसले, आणि त्यावरून असा निष्कर्ष निघतो, की आपल्या गणनेने गेल्या काही शतकांत कृष्णविवर आजच्यापेक्षा कितीतरी पटींनी प्रखर झाले होते. त्या प्रखरतेचा पडसाद आज मेघावरून परतून येत आहे. म्हणजे ऊर्ट ज्या प्रकारच्या घटना शोधत होते त्या गाभ्यात घडतात. फक्त ज्या गतीला त्यांनी घटनेचे कार्य मानले ती व्यवस्थेची होती. दोहोंतला भेद ओळखण्याचा शिरस्ता या इतिहासातून स्पष्ट दिसतो: नित्याच्या आकर्षणात वायू काय करील याचा पुरा हिशेब आधी मांडावा, आणि त्यातून जे उरेल तेवढेच घटनेच्या नावावर घालावे. फर्मीचे फुगे या कसोटीला उतरतात. तीन किलोपार्सेकचा बाहू उतरला नाही.

या कामात आपल्या मुलुखाचाही वाटा आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या तीस विशाल अँटेनांच्या दुर्बिणीने मीटर-लांबीच्या लहरींवर आकाशगंगेचे केंद्र पाहिले. सुभाशिष रॉय आणि प्रमेश राव यांनी २००४ मध्ये सहाशे मेगाहर्ट्झच्या आसपास केंद्रात कृष्णविवराच्या जागी असलेल्या सूक्ष्म रेडिओस्रोताची नोंद केली. इतक्या कमी वारंवारतेवर आयनीभूत वायू रेडिओलहरी शोषून टाकतो, म्हणून तेथून आलेली प्रत्येक नोंद स्रोताबद्दल जितके सांगते तितकेच वाटेतील वायूबद्दलही सांगते. तेव्हा मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांना आणि शाळांतून शिकविणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. आकाशगंगेचे चित्र फळ्यावर काढाल तेव्हा मध्यभागी गोल ठिपका काढून थांबू नका. तेथे तिरपा दंड काढा, त्याच्या दोन्ही कडांना आत येणाऱ्या वायूच्या रेषा काढा, आतल्या पट्ट्याला जागा द्या, आणि कृष्णविवर सर्वांत शेवटी, खडूच्या टोकाने जमेल तितके लहान काढा.